पळसाचा पुतळा

॥ श्री ॥

मुक्काम गुलमर्ग, काश्मीर
गुरुवार, ता. ५ मार्च १९६४

ती. गं. भा. प्रेमावहिनीस काशीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, मी सुखरूप पोचलो. निघताना तू म्हणाली होतीस, "काशी, लांब जातंस, पत्र टाकीत रव, नायतर हंय जीव लागना नाय." म्हणून जरा सवड मिळताच चुलीशी बसून, हात शेकत शेकत लिहितो आहे. वाचून दाखवणाऱ्या तुळसाबाईंनाही नमस्कार. बाई, थंडीने शाई मध्येच गोठते. अक्षर फुटले असेल तर समजून घ्या.

मुंबई सोडून आज आठवा दिवस. दोन रात्री आगगाडीत, पठाणकोटपासून दोन दिवस मोटारीत, मग डोंगराच्या पोटातला बोगदा आणि पलीकडे श्रीनगर. तिथून टनमर्गपर्यंत बस, आणि पुढे तीन-चार मैलांचा चढ, पायी नाहीतर तट्टावरून. आमची मंडळी तट्टांवर बसली. माझी पातेली, चाळीस नारळ, कोकमांची बरणी आणि तांदळाची पोती मजुरांच्या पाठीवर चढली. आचारी मात्र पायी. सहल कंपनीच्या जाहिरातीत 'घरच्यासारखे जेवण' असे छापले आहे, आणि ते घर मी एकट्याने डोंगरावर चढवले.

मंडळी बावीस. वकील, डॉक्टर, गिरणीतले एक साहेब आणि त्यांच्या बायका. एक म्हातारे शास्त्रीबुवा आहेत, सून नीरजाबाई हिच्याबरोबर आलेले. हिमालय बघितल्याशिवाय मरायचे नाही असे त्यांनी ठरवले आहे, म्हणून टोपीवर टोपी घालून आले आहेत. नीरजाबाई चांगली आहे. पोळी थंड झाली तरी तोंड वाकडे करत नाही.

आता बर्फाचे सांगतो. हा बर्फ आपल्या बंदरावर मासळीच्या पेट्यांत घालतात तसला लादीचा नव्हे. तांदळाचे पीठ चाळून ठेवावे तसा असतो. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये एक भलेमोठे परातीसारखे मैदान, आणि सगळे पांढरे. काल नारळ फोडला तर आत पाणी नाही, पांढरी गोटी. शास्त्रीबुवा म्हणाले, "अरे, हे तर शिवलिंगच निघाले!" त्यांनी हात जोडले. मी चटणी केली.

इथला मोठा खेळ म्हणजे पायांना माणसाहून लांब अशा लाकडी फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या, टेकाडावर चढायचे आणि घसरत खाली यायचे. खाली काही ठेवलेले नसते, फक्त यायचे. पूर्वी साहेब लोक करत, आता आपले करतात. आमचे वकीलसाहेब तासभर धापा टाकत वर चढले आणि पन्नास हात येतायेता पालथे पडले. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच मिळाल्या.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी घसरगाडी. लाकडाची बसकी चौकट, तिला दोरी. एक माणूस पाहुण्याला बसवून दोरीने वर ओढत नेतो आणि पायांनी आवर घालत खाली आणतो. हे ओढणारे लोक लांब झग्यात असतात आणि झग्याच्या आत निखाऱ्यांचे मडके धरतात. त्यांच्या पायांत गवताची पायताणे. शंभर शेर वजनाची बाई ओढून वर नेली तरी वर हसून सलाम करायचा. मला त्यांच्याकडे फार वेळ बघवत नाही.

बाकी बघायला टेकडीवर महाराणीने बांधलेले शंकराचे देऊळ आहे, साहेबांचे एक बंद पडलेले चर्च आहे. वर खिलनमर्ग म्हणून जागा आहे, तिथून आभाळ स्वच्छ असले तर नंगापर्वत दिसतो म्हणतात. उद्या मंडळी तिकडे जाणार. मी डबे बांधून देणार.

एक मात्र बरे आहे. इथे कुठेही उभे राहा, दर्या दिसत नाही. त्याचा आवाजही नाही. मला कधी नव्हे ती चांगली झोप लागते.

शिमग्याला मी घरी असेन. तुळसाबाईंच्या घराची कौले यंदा परतायची आहेत, ती मी आल्यावर परतीन, त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगू नये. तू पहाटे बंदरावर जाताना डोक्याला काही बांधून जात जा. तुझा खोकला मला इथे ऐकू येतो.

तुझा धाकटा दीर,
काशीराम

॥ श्री ॥

गुलमर्ग
मंगळवार, ता. १० मार्च १९६४

ती. गं. भा. प्रेमावहिनीस काशीरामचा नमस्कार.

पहिले पत्र मिळाले असेल. इकडे सर्व ठीक.

मंडळी खिलनमर्गला जाऊन आली. नंगापर्वत दिसला नाही, ढग होते. डॉक्टरसाहेब म्हणाले, 'पैसे परत घ्या', आणि नीरजाबाई म्हणाली, 'ढगसुद्धा चांगलेच होते.' खालच्या अंगाला बाबारेशी म्हणून एका साधूचा दर्गा आहे, हिंदू-मुसलमान सगळे नवस बोलायला जातात. आमच्या बायका गेल्या होत्या. मी गेलो नाही. देवाच्या दारात जायचे म्हटले की हल्ली पाय उचलत नाहीत.

शनिवारी एक गोष्ट झाली. मंडळी शाकाहारी, पण माझ्या ट्रंकेत तू दिलेले सुके बांगडे होते. दुपारी सगळे बाहेर गेलेले बघून मागच्या अंगणात निखाऱ्यावर दोन भाजायला टाकले. वासाने एक घसरगाडीवाला येऊन उभा राहिला. आपल्याकडचा माणूस निघाला, दोनेक वर्षे इकडे आहे. मी त्याला भात आणि बांगडा वाढला. त्याने काटासुद्धा टाकला नाही. असो.

दुसऱ्या दिवशी त्याला थोडे तीळ हवे होते. सहलीच्या डब्यातले दिले. कंपनीला कमी पडणार नाहीत.

शास्त्रीबुवांना काल सहज विचारले. म्हटले, एखाद्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन केले, दिवस केले, सगळे झाले, आणि तो माणूस जिवंत परत आला तर काय करतात? म्हातारे खुशीत आले. म्हणाले, शास्त्रात आहे. तो मेलेलाच धरायचा. त्याला पुन्हा जन्माला घालायचे. तुपाने भरलेल्या मोठ्या भांड्यात मुठी आवळून, पोटातल्या मुलासारखा बसवायचा, बाहेर काढून न्हाऊ घालायचे, बारसे करायचे, आणि मग त्याचे त्याच्याच बायकोशी लग्न लावायचे. मी विचारले, "आणि बायको नसली तर?" ते म्हणाले, "मग काय, गृहस्थ मोकळा." आणि हसले. मी भाजी बघायला आत गेलो.

हे तुला का लिहितो आहे ठाऊक नाही. थंडीत माणसाच्या डोक्यात काहीबाही येते.

वहिनी, तुझी तब्येत कशी आहे? खरे सांग. तुला मी सात वर्षांत एकदाही नीट विचारले नाही. आणि तुझा एक फोटो काढून घ्यायला हवा होता. आपल्या घरात तुझा फोटोच नाही. आता आल्यावर बाजारात जाऊन काढू. तुळसाबाईंचाही काढू.

उद्या-परवा खाली उतरायचे. पुढचे पत्र रस्त्यातून.

काशीराम

पठाणकोट स्टेशन
रविवार, ता. १५ मार्च १९६४

ती. सौ. प्रेमावहिनीस काशीरामचा नमस्कार.

'सौ.' बघून तुळसाबाई थांबल्या असतील. काशीरामची चूक झाली असे समजून त्यांनी ते गाळलेही असेल. चूक नाही. वहिनी, दादा जिवंत आहे. मी त्याला बघितले, त्याच्याशी बोललो, त्याला माझ्या हाताने वाढले.

आता खाली बस आणि सगळे ऐक. पुढचे याहून वाईट आहे.

बांगड्याच्या वासाने आलेला घसरगाडीवाला म्हणजे दादा, आपल्या वाडीचा गुणाजी. दाढी छातीपर्यंत, अंगावर तो झगा, डाव्या हाताची दोन बोटे बर्फाने गेलेली. मी ओळखला नाही. तो कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "ह्यो सुको बांगडो मां?" इतक्या लांब, त्या पांढऱ्या रानात, आपली बोली. माझ्या हातातला चिमटा निखाऱ्यात पडला. मी म्हटले, "दादा?" तो तिथेच बर्फात बसला.

त्याने सांगितले ते असे. होडी खडकावर फुटली तेव्हा तो आणि तुळसाबाईंचा घोव गणपत एकाच वल्ह्याला धरून होते. गणपतचा एक हात दादाच्या हातात होता. कितीतरी वेळ होता. मग दादाची बोटे वळेनाशी झाली. "काशी, तेचो हात मी सोडलंय," एवढे तो म्हणाला. नंतर त्याला गोव्याकडे जाणाऱ्या एका गलबताने उचलले. तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा, सरहद्द बंद. तो तिकडेच अडकला. गोवा मोकळा झाल्यावर घरी यायला निघाला. "बांद्यापर्यंत इलंय. थंयसून परत फिरलंय. तुळसाच्या दारात खंयच्या तोंडान जावचा?" कुणा ठेकेदाराने रस्त्याच्या कामाला माणसे उत्तरेला नेली, त्यांच्याबरोबर तो गेला. दर्या दिसणार नाही अशा जागी राहायचे होते त्याला.

त्याने आधी तुझी चौकशी केली नाही, वहिनी. आधी तुळसाबाईंची केली. मी सांगितले, बऱ्या आहेत, घर तेच आहे. मग तो म्हणाला, "आता तू भेटलंस, म्हणजे देवानच धाडल्यान. मी येतंय घराक. तुळसाक सगळा सांगतंय. हात सोडलंय तापण सांगतंय, आणि आम्ही त्या दिसाक कित्याक गेलो, तापण सांगाक व्हया."

इथे मला सात वर्षे मागे जायला हवे.

सत्तावन्न साली नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. होड्या सगळ्या वर ओढलेल्या. दर्याला नारळ दिल्याशिवाय आपल्या वाडीत कुणी होडी पाण्यात घालत नाही, हे मी सांगायला नको. मी तेव्हा बाजारातल्या खानावळीत होतो. मुंबईचा एक पारशी शेठ उतरला होता, त्याला आचारी हवा होता. पारशाला कसला श्रावण! मी त्याला छातीठोकपणे सांगून आलो की उद्या ताजा सरंगा खाऊ घालतो. मला मुंबईला जायचे होते. मला वाडीतून सुटायचे होते.

दादा आणि गणपत जाळे विणत बसले होते. मी दादाला म्हटले, दर्या शांत आहे, तासाभराचे काम आहे. तो नाही म्हणाला. पुन्हा म्हटले, तो पुन्हा नाही म्हणाला. मग मी म्हटले, "भियालंस तर तसा सांग. बायलेच्या पदराखाली बस जावन. तुका दर्यावर्दी कोणी केल्यान?" गणपत हसला. दादाला त्याचे ते हसणे लागले. तो उठला आणि गणपतलाच म्हणाला, "चल, बघया कोण भिता ता."

म्हणजे हे मी केले. गणपतने नाही, दादाने नाही.

तिसऱ्या दिवशी गणपतला दर्याने परत दिले, दादाला नाही. वाडी देवळापाशी जमली. मानकऱ्यांनी विचारले, नारळ पडायच्या आधी ह्यांना होडी घालायला कुणी सांगितले? मी देवळाच्या पायरीवर हात ठेवून मोठ्याने म्हणालो, "माका काय ठावक नाय. दादा आपणच गेलो." त्या दिवसापासून वाडीने दादाला हावरा म्हटले. त्याच्या हावरेपणापायी गणपत गेला असे म्हटले. ते सगळे तू ऐकलेस. तुळसाबाई सहा महिने तुझ्या दारावरून तोंड फिरवून जात होत्या. आणि मग एक दिवस त्याच येऊन तुझ्या ओट्यावर बसल्या. मी ते दारातून बघत होतो. तेव्हा सांगता आले असते.

भटजींनी सांगितले होते, प्रेत मिळाले नाही, बारा वर्षे वाट बघा. मी त्यांना बारा दिवससुद्धा थांबू दिले नाही. होडी फुटलेली लोकांनी बघितली आहे, वहिनीला अधांतरी किती ठेवायचे, असे म्हणून त्यांच्या मागे लागलो. लोक म्हणाले, दिराला काळजी आहे. खरे असे होते की जोवर दादा हरवलेला होता तोवर वाडीत त्याच दिवसाचे बोलणे निघत होते. मला ते संपवायचे होते. म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि मी अग्नी दिला. त्या संध्याकाळी तू बांगड्या फोडल्यास. माझ्यापायी फोडल्यास.

पारशी शेठने सरंगा खाल्ला नाही, पण भाऊ गेला म्हणून त्याला माझी दया आली. तो मला मुंबईला घेऊन गेला. माझी नोकरी अशी लागली.

आता परत गुलमर्गला ये. दादा म्हणाला, सगळे सांगतो. त्याने मग तुझे विचारले. "आणि प्रेमा कशी आसा?"

मी म्हटले, "गेली."

"केवा?"

"तिसऱ्या वर्साक. तापान."

वहिनी, एवढेच. विचार करून म्हटले नाही. तोंडातून निघाले. पण निघाल्यावर मी ते परत घेतले नाही, आणि तो गुन्हा विचार करून केला. घरी कुणी नसले तर तो येणार नाही, आला नाही तर कुणाला काही कळणार नाही, हे मी त्याच्या ताटात दुसरा भात वाढता वाढता ठरवले. त्याने तो भात खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. म्हणाला, "काशी, तुझ्याकडे तीळ आसत?" मी तिळाचा डबा उघडून त्याच्या ओंजळीत तीळ घातले. पिंडासाठी भात दिला. त्याच्याबरोबर रसूल म्हणून गाडी ओढणारा एक सोबती होता. रसूलने वस्तऱ्याने त्याचे डोके भादरले, दाढी काढली. मग तो ओढ्यावर गेला, दगडाने बर्फ फोडला आणि त्या पाण्यात उतरला. मी काठावर उभा होतो. दाढी गेल्यावर तो अगदी पहिल्यासारखा दिसत होता. दक्षिणेकडे तोंड करून त्याने तुझ्या नावाने पाणी सोडले. लग्नात सगळ्यांनी घर डोक्यावर घेतले तरी त्याने लाजून तुझे नाव घेतले नव्हते, तुला आठवत असेल. त्या ओढ्यात उभे राहून त्याने ते तीनदा घेतले. रसूल मला विचारत होता, कोण वारले? तो घोंगडी घेऊन दादा बाहेर यायची वाट बघत उभा राहिला.

त्या दिवशी मी मंडळींना पुरणपोळी केली. सगळ्यांनी वाखाणली.

मी दादाचा जिवंतपणी पुतळा जाळला, आणि त्याच्या हातून तुझे जिवंतपणी तीळ सोडवले. असे आपल्या वाडीत आजवर कुणी केले नसेल.

खाली उतरताना दादा टनमर्गपर्यंत आला. माझी पातेली त्याने स्वतःच्या पाठीवर घेतली, मजुराला उचलू दिली नाहीत. बस सुटायच्या आधी मला बाजूला घेतले आणि म्हणाला, "मी काय येवचंय नाय. आता थंय माझां कोण आसा? रसूलबरोबर सोनमर्गाच्या फुडे रस्त्याच्या कामाक जातंय, आठ दिसांनी. पण तुळसाक एक सांग. गुणाजीन गणपतचो हात सोडल्यान म्हणान सांग. तिका कळाक व्हया. तुझां नाव घेव नको, काशी. माझां मरान तर झालां. तुका थंय रवाचां आसा." आणि माझ्या डोक्यावरून त्याने हात फिरवला. तीन बोटांचा हात.

तेव्हाही मी बोललो नाही. बस सुटली. श्रीनगर, बोगदा, जम्मू, सगळीकडे मी वेळेवर जेवण वाढले. नीरजाबाई विचारत होती, काशीरामभाऊ, बरे नाही का? आज सकाळी इथे चहा करायला बसलो आणि आधण अंगावर सांडले. पोळले आहे, फार नाही. मग कंपनीच्या व्यवस्थापकांना सांगितले की माझे काम इथे संपले, दुसरा आचारी बघा.

तुळसाबाई, हे तुम्हीच वाचत आहात. आधी पाकिटावर लिहिले होते की हे पत्र तुमच्याऐवजी रुक्मिणीकाकीकडून वाचून घ्यावे. ते पाकीट फाडले आणि दुसरे घेतले. सहा वर्षे माझी पत्रे तुम्ही वाचलीत. मी त्यांत तुम्हाला नमस्कार लिहीत आलो, आणि तुमची कौले परतीत आलो, आणि वाडी मला देवमाणूस म्हणत आली. तुमच्या घोवाला दर्यात मी धाडले. दादाने हात सोडला, पण तो हात दर्यात नेला मी. मला क्षमा करा असे लिहिणार नाही. कौले मात्र दुसऱ्या कुणाकडून परतून घ्या.

वहिनी, उद्या सकाळच्या बसने मी परत वर जातो. तो निघून गेला असेल तर सोनमर्गला जाईन, तिथे नसेल तर पुढे विचारत जाईन. रसूलचे नाव सांगितले की कुणीतरी सांगेल. भेटला की पहिले वाक्य एवढेच सांगणार, की प्रेमा आहे. त्यापुढे त्याने मला मारले तरी चालेल. तो येईल की नाही, ठाऊक नाही. तुझ्या सात वर्षांचे काय, हेही मला विचारू नकोस. बांगड्या भर असे मी म्हणत नाही, भरू नको असेही म्हणत नाही. तुला काही सांगण्याचा माझा हक्क उरलेला नाही. शास्त्रीबुवांनी सांगितलेला विधी भटजींना विचारायचा की नाही, तेही तुझे तू ठरव.

तुळसाबाई, एवढे करा. वाचून झाले की मानकऱ्यांना देवळाच्या पायरीशी बोलवा आणि हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचा. मोठ्याने वाचा. मी खोटे बोललो तेही मोठ्यानेच बोललो होतो.

गणपत आणि गुणाजी यांना दर्यात धाडणारा,
काशीराम